सहा ओळींची रात्र

१८२६ सालच्या नोव्हेंबरची २९ तारीख. जर्मनीतल्या वायमारमध्ये ७७ वर्षांचे महाकवी गटे आपल्या तरुण सहकाऱ्याला, एकरमानला, पॅरिसहून आलेलं एक चित्र दाखवत होते. चित्रात रंग नाही, नुसता काळा आणि पांढरा. रात्र आहे, उघडं माळरान आहे, वाटेत फाशी देण्याची जागा आहे आणि तिच्याजवळून दोन घोडेस्वार भरधाव चालले आहेत. गटेंच्या ‘फाउस्ट’ नाटकातला हा प्रवेश अवघ्या सहा ओळींचा. तिथे काय चाललंय, असं एक जण विचारतो, दुसरा उडवून लावतो, आणि घोडे पुढे निघून जातात. प्रवेश संपला. वाचणाऱ्याचं लक्षही जाणार नाही इतका छोटा.

त्या सहा ओळींवर काढलेल्या चित्राबद्दल म्हातारा कवी भरभरून बोलत राहिला. एकरमानने ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला आज कळतं. फाउस्टचा काळा घोडा फाशीखालच्या भुतांना बिचकलाय आणि त्याच्यासकट फाउस्टही बिचकलाय, हे गटेंनी दाखवलं. शेजारी सैतान मेफिस्टोफेलीस मात्र निवांत बसलाय. त्याच्या घोड्याला खोगीर नाही, लगाम नाही, आणि तो घोडा जिवंतही नाही. कारण जिवंत गोष्टींवर या सैतानाचा जीवच नाही, त्याला घोड्याची गरजही नाही, नुसत्या इच्छेने तो वाऱ्यासारखा जातो. हे सगळं सांगून झाल्यावर गटेंनी एक कबुली दिली. आपण स्वतः या प्रवेशाची इतकी परिपूर्ण कल्पना केली नव्हती, आपण निर्माण केलेल्या दृश्यांत हा चित्रकार आपल्याही पुढे गेला, असं ते म्हणाले. या नाटकावर त्यांनी जवळजवळ साठ वर्षं काम केलं. त्या माणसाच्या तोंडचे हे शब्द आहेत, हे लक्षात घेतलं की त्यांचं वजन कळतं.

तो चित्रकार म्हणजे यूजीन देलाक्र्वा, वय २८. चित्र छापलं होतं दगडावरून.

मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते एका तारखेमुळे. देलाक्र्वाची सतरा चित्रं असलेला ‘फाउस्ट’ पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने आला १८२८ साली. ‘फाउस्ट’चा पहिला भाग सार्वजनिक रंगमंचावर प्रथमच पूर्ण उभा राहिला तो १८२९ च्या जानेवारीत, ब्राउनश्वाइगमध्ये. म्हणजे नटांच्या आधी, नेपथ्यकाराच्या आधी, पडदा वर जाण्याच्या आधी हे नाटक दगडावर उभं राहिलं होतं. त्या चित्रांना आपण पुस्तकातली सजावट म्हणतो. मी त्यांना पहिला प्रयोग म्हणेन.

दगडावरून छापण्याची ही कला, म्हणजे शिळाछाप, मुळात एका नाटककारानेच शोधून काढली, हाही केवढा सुंदर योग. आलोइस झेनेफेल्डर हा प्राग शहरात १७७१ साली जन्मलेला नटाचा मुलगा. वडील म्युनिकच्या नाट्यगृहात काम करायचे. मुलगा कायदा शिकत होता, पण वडील गेले, पैसे संपले आणि शिक्षण सुटलं. तो नाटकं लिहायला लागला. छापखान्याचा खर्च मिळकत खाऊन टाकू लागला, तेव्हा आपली नाटकं आपणच छापावीत असं त्याच्या मनाने घेतलं. तांब्याचा पत्रा महाग, म्हणून सरावासाठी त्याने झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा गुळगुळीत दगड आणला. १७९६ मध्ये एक दिवस धोबीण दारात उभी होती, आई म्हणाली कपड्यांची यादी लिही, आणि हाताशी कागदाचा चिटोराही नव्हता. मेण, साबण आणि काजळी घालून केलेली शाई तेवढी समोर होती. त्याने यादी दगडावरच लिहिली. ही हकिगत त्याने स्वतः आपल्या ग्रंथात सांगितली आहे.

आधी त्याला वाटलं, आम्ल टाकून दगड खरवडावा म्हणजे अक्षरं उठून येतील. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या ध्यानात आलं की खोदण्याची, उठवण्याची काही गरजच नाही. दगड सपाट राहिला तरी छपाई होते. शाळेच्या पाटीला तेलकट बोट लागलं तर तेवढ्या जागी पाणी ठरत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सगळी युक्ती तेवढीच.

ती प्रत्यक्षात चालते अशी. दोन दगड एकमेकांवर ठेवून मध्ये वाळू आणि पाणी घालून घासतात. त्याने पृष्ठभागाला बारीक रवाळ पोत येतो. त्यावर चित्रकार तेलकट खडूने काढतो, कागदावर काढावं तसं सहज. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल मिसळून ते दगडावर फिरवतात. जिथे खडू नाही तिथे दगड डिंक धरून ठेवतो आणि पाणी पिऊन ओला राहतो. जिथे खडू आहे तिथे तेल दगडात मुरतं. आता दगड ओला करून त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट शाई तेलालाच चिकटते, ओल्या जागेला शिवत नाही. वर कागद ठेवून दाबपट्टीखालून दगड ओढला की चित्र कागदावर. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद. एक दगड शेकडो प्रती देतो.

चित्र उलटं उमटतं, हे मात्र चित्रकाराला सतत डोक्यात ठेवावं लागतं. द्वंद्वयुद्धात तलवार उजव्या हातात दिसायला हवी असेल तर दगडावर ती डाव्या हातात द्यायची.

आणि तो दगडही ऐरागैरा नव्हे. बव्हेरियातला झोल्नहोफेनचा चुनखडक सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी उथळ, शांत खाजणांच्या तळाशी साचला. तिथला गाळ इतका बारीक की जेलीफिशसारख्या निव्वळ पाणीदार जिवांचे ठसेसुद्धा त्यात उमटलेत. त्याच बारीकपणामुळे खडूची पुसटशी छटाही दगड जशीच्या तशी पकडतो. १८६१ मध्ये याच खडकातल्या एका पिसाच्या ठशावर शास्त्रज्ञ हेरमान फोन मायर यांनी लेख लिहिला आणि त्या आद्यपक्ष्याला नाव दिलं ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’. नावाचा दुसरा अर्धा भाग छपाईच्या दगडावरून आला. निसर्गाने पीस छापलं आणि माणसाने सैतान छापला, एकाच खडकावर!

चित्रकारांना या दगडाची भुरळ का पडली? तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं म्हणजे चित्रकाराने रेखाटायचं आणि बहुतेक वेळा कोरणाऱ्या कारागिराने ते आपल्या हाताने पुन्हा कोरायचं. मूळ हाताची थरथर, घाई, राग, सगळं त्या दुसऱ्या हातात शमून जायचं. दगडावर मधला माणूस उरला नाही. शिवाय रवाळ दगडावर खडू हलका फिरवला की धुरकट करडा मिळतो, दाबून फिरवला की मखमली काळा. आणि त्या काळ्यावर पात्याने खरवडलं की उजेड फुटतो. पॅरिसमध्ये १८१६ च्या सुमारास गोदफ्रुआ एंगेलमान आणि लास्तेरी यांचे शिळाछापखाने सुरू झाले आणि दहा वर्षांत या शहराला दगडाचं वेडच लागलं. तिकडे बोर्दोला परागंदा झालेला स्पॅनिश चित्रकार गोया १८२५ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, दगड घोडीवर उभा करून, भिंग घेऊन बैलझुंजीची चित्रं काढत होता. इतक्या उतारवयात नवं माध्यम हाती घेऊन त्यात असं बळ आणणारा हा माणूस आठवला की मन भरून येतं.

त्याच वर्षी देलाक्र्वाने ‘मॅक्बेथ’मधला चेटकिणींचा प्रवेश दगडावर काढला. ‘काढला’ म्हणण्यापेक्षा खरवडला. सगळा दगड काळा करून त्यातून त्याने उजेड बाहेर ओढला. कढईतली वाफ, चेहऱ्यांच्या कडा, हे सगळं अंधार खरवडून मिळालेलं. रंगभूमीवर गॅसचे दिवे तेव्हा नुकतेच येत होते. काळोखातून माणसाचा चेहरा हळूहळू उजळत नेण्याची जी किमया नंतरच्या प्रकाशयोजनाकारांनी साधली, ती इथे एका पात्याने साधलीय.

१८२५ च्या उन्हाळ्यात तो लंडनला गेला. शेक्सपिअरची नाटकं बघितली, एडमंड कीनसारखा नट बघितला. आणि ड्रुरी लेन नाट्यगृहात ‘फाउस्ट’वरून बेतलेला, गाण्यांचा आणि यंत्रांच्या करामतींचा एक खेळ बघितला. गटेंच्या नाटकापासून तो बराच दूर गेलेला होता. पण डॅनिएल टेरी या नटाने उभा केलेला मेफिस्टोफेलीस देलाक्र्वाच्या मनात घर करून बसला. त्याआधी त्याने जर्मन चित्रकार रेट्झ्श याची ‘फाउस्ट’वरची रेषाचित्रं पाहिली होती. स्वच्छ, बारीक, सावलीविरहित रेषा. त्यांनी बी पेरलं असेल, पण ते उगवलं नाट्यगृहात. हे त्याने कितीतरी वर्षांनी, १८६२ साली, एका पत्रात सांगितलं आहे.

चित्रं पाहताना नट कुठे कुठे दिसतो ते शोधण्यात मोठी मौज आहे. मेफिस्टोफेलीस नुसता उभा कधीच नसतो. तो कमरेत वाकतो, मान तिरकी करतो, बोटं पसरतो. बायकांशी बोलताना त्याची अदब जरा जास्तच खाली झुकते. फाउस्टचा झगा अंगावर चढवून तो भोळ्या विद्यार्थ्याला उपदेश करतो तेव्हा त्याच्या बसण्यातच लबाडी आहे. हा देह रंगमंचावर घडलेला आहे.

पण देलाक्र्वा रंगमंचापाशी थांबला नाही, आणि इथेच तो मला सगळ्यात थोर वाटतो. पहिलंच चित्र घ्या. झोपलेल्या शहराच्या मनोऱ्यांवरून मेफिस्टोफेलीस उडत चाललाय, पंख पसरलेले, नखं वाढलेली, खाली अंधारात कळसांची टोकं. असा प्रवेश नाटकात कुठेच नाही. नाटकात स्वर्गात संवाद होतो आणि सैतानाला फाउस्टला नादी लावण्याची मुभा मिळते. ती मिळाल्यावर आणि फाउस्टच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी तो कुठे असेल, या प्रश्नाचं उत्तर चित्रकाराने स्वतः शोधलं. दोन प्रवेशांमधली जागा त्याने भरली. आपल्याकडे बंदिशीच्या दोन शब्दांमधली जागा गवई भरतो, त्या तोडीचं हे काम आहे.

चर्चमधलं चित्र याच्या अगदी उलटं. फसवली गेलेली, गरोदर राहिलेली, अपराधाने पिचलेली मार्गारेट प्रार्थनेला आलीय. नाटकात तिच्या मागून एक दुष्टात्मा तिच्या कानाशी बोलतो. वाचताना तो तिच्या मनातला आवाज वाटू शकतो. देलाक्र्वाने त्याला शरीर दिलं, तिच्या पाठीशी वाकवलं, आणि आजूबाजूची भाविक मंडळी आपापल्या प्रार्थनेत मग्न ठेवली. गर्दीच्या मधोमध ती एकटी आहे. दगडावरच्या करड्या छटा इथे अशा काही कामाला आल्या आहेत की तो अंधार चर्चचा की तिच्या मनाचा, हे ठरवता येत नाही.

या दगडांवर आणखी एक गंमत होती. देलाक्र्वा मुख्य चित्राच्या बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर काहीबाही काढायचा. घोडे, सिंह, एखादं डोकं. खडूची धार तपासायला म्हणा, हात मोकळा करायला म्हणा. विक्रीच्या प्रती छापण्याआधी ती चित्रं पुसली गेली. पण सुरुवातीच्या काही चाचणी-प्रतींवर ती टिकून आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. मला त्यांचं मोल वेगळ्या कारणाने वाटतं. मधे कुणाचा तरी आत्मा विकला जातोय आणि कडेला एक घोडा नुसता घोडा असण्याच्या आनंदात उधळतोय, दोन्ही एकाच हाताने, एकाच बैठकीत. चित्रकार काम करताना कसा होता, ते याहून जवळून कळणं कठीण.

प्रकाशक शार्ल मोत याने आल्बेर स्तापफेरच्या फ्रेंच अनुवादासह हे भलंमोठं पुस्तक काढलं. सतरा प्रवेशचित्रं आणि गटेंचं एक व्यक्तिचित्र. पॅरिसला ते रुचलं नाही. वेडेवाकडे देह, लांबट बोटं, आक्रस्ताळे हावभाव म्हणून टीका झाली आणि देलाक्र्वाला कुरूपतेच्या पंथाचा म्होरक्या ठरवलं गेलं. मजकूर सोबत छापायची मोतची कल्पना खपाला नडली, असं देलाक्र्वा स्वतः पुढे म्हणाला. त्याच्या या रानटीपणाबद्दल गटेंचं मत अगदी वेगळं होतं. फ्रेंच लोक ज्या बेफामपणाबद्दल त्याला दोष देतात तोच ‘फाउस्ट’मध्ये त्याच्या कामी आलाय, असं त्यांनी एकरमानला त्या नोव्हेंबरच्या भेटीतच सांगितलं होतं. काळाने गटेंच्या बाजूने कौल दिला.

गटे आणि आपली नाट्यपरंपरा यांच्यातही एक धागा आहे. १७९१ साली गेओर्ग फोर्स्टरने केलेला ‘शाकुंतल’चा जर्मन अनुवाद वाचून गटे भारावून गेले. ‘फाउस्ट’च्या आरंभी नाट्यगृहाचा व्यवस्थापक, कवी आणि विदूषक यांचा जो संवाद येतो, तो कालिदासाच्या सूत्रधार आणि नटीच्या प्रस्तावनेवरून सुचला असं मानलं जातं. दगडही आपल्याकडे लवकरच आला. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर १८३१ साली पंचांग छापलं. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून आपला रंगीत शिळाछापखाना (तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला) उभारला, तेव्हा तिथून निघालेलं पहिलं चित्र शकुंतलाजन्माचं होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने मराठी रंगभूमी गाजवायला सुरुवात केली त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

देलाक्र्वाचं मन ‘फाउस्ट’नंतर ‘हॅम्लेट’कडे वळलं. १८२७ च्या सप्टेंबरमध्ये इंग्रज नटमंडळी पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात आली. पाच वर्षांपूर्वी अशाच एका मंडळीला पॅरिसच्या प्रेक्षकांनी अंडी आणि फळं फेकून मारली होती. या खेपेला चार्ल्स केंबलचा हॅम्लेट आणि हॅरिएट स्मिथसनची ओफेलिया पाहून सगळं तरुण पॅरिस वेडं झालं. संगीतकार बेर्लिओझ तर त्या नटीच्या इतका प्रेमात पडला की सहा वर्षांनी तिच्याशी लग्न करूनच राहिला. आशिल देवेरिया आणि लुई बुलांजे यांनी त्या प्रयोगांची चित्रं लगोलग शिळाछापावर काढली. नाटक पाहून आलेल्याला घरी ठेवायला आठवण म्हणून ती चांगली आहेत. देलाक्र्वाने घाई केली नाही. त्याने १८३४ ते १८४३ अशी नऊ वर्षं घेतली.

‘फाउस्ट’चा बेफाम काळा इथे निवळलेला दिसतो. हॅम्लेट सडपातळ, जवळजवळ पोरसवदा, काळ्या कपड्यांत. भुताच्या मागे जाताना त्याला मित्र धरून ठेवतात, त्या ओढाताणीत सगळं चित्र तिरपं झालंय. आणि ओफेलियाचा मृत्यू तर शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला कधी दिसतच नाही. ती ओढ्यात बुडाली, हे राणी येऊन नुसतं सांगते. देलाक्र्वाने तिला पाण्यात अर्धी बुडालेली आणि एका हाताने फांदी धरलेली दाखवली. फांदी अजून मोडलेली नाही. राणीच्या निवेदनात जी घटना केव्हाच होऊन गेलीय, ती इथे अजून व्हायची आहे, आणि पाहणारा हतबल होऊन तिच्या बोटांकडे बघत राहतो. निवेदनाला हे जमत नाही आणि रंगमंचाला इतकं पाणी पेलत नाही.

‘हॅम्लेट’ची तेरा चित्रं त्याने १८४३ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापून घेतली, अवघ्या ८० प्रती. त्यांचंही फारसं कौतुक झालं नाही. शिळाछापखान्यात काम झालं की दगड घासून पुन्हा वापरायची रीत, पण ‘हॅम्लेट’चे दगड वाचले. १८६३ च्या ऑगस्टमध्ये देलाक्र्वा वारला, आणि दुसऱ्या वर्षी पॉल मरीस या लेखकाने राहिलेली तीन चित्रं मिळवून सगळी सोळा एकत्र छापली.

या छापांच्या प्रती आज जगातल्या कितीतरी संग्रहालयांत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या संकेतस्थळांवर खूप मोठ्या आकारात पाहता येतात. एखादी उघडली तर आधी दुरून बघा, प्रवेश ओळखा, कोण कुणाकडे बघतंय ते पाहा. मग चित्र मोठं करत न्या. चेहरा विरघळून ठिपके दिसू लागतील, काळे आणि पांढरे, वाळूने घासलेल्या दगडाचे. त्यातच कुठेतरी पात्याचे बारीक ओरखडे सापडतील. ‘फाउस्ट’ची चाचणी-प्रत मिळाली तर कडेची पट्टीही नीट तपासा. तिथे सिंह असू शकतो.